विद्यापीठाला जर्नल फुकट, गावच्या वाचनालयाला कुलूप

राधानगरी : संशोधनाचे कोणते ऑनलाइन डेटाबेस घ्यायचे, हे आता सरकारी विद्यापीठांसाठी बरंचसं दिल्लीतच ठरतं. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६ हजार कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३ हजार जर्नल्स.

पण गावचं सार्वजनिक वाचनालय या यादीत नाही. म्हणजे दाजीपूरच्या गव्यांवरचा एखादा अभ्यास अशा जर्नलमध्ये आला, तर शिवाजी विद्यापीठातला विद्यार्थी तो फुकट वाचणार. ज्याच्या उसात गवा घुसतो, त्याला मात्र पैसे भरा म्हणून सांगणार. पैसा तर सगळ्यांच्याच करातला!

मग वाचनालयाने स्वतः वर्गणी भरावी का? मुळीच नको. तुटपुंज्या अनुदानात वर्तमानपत्रं आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकंच कशीबशी बसतात. आधी फुकटचं तरी वापरात यावं. ‘शोधगंगा’वर देशभरातल्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध मोबाईलवरही मोफत उघडतात. अडचण एवढीच, त्यातले बरेचसे इंग्रजीत. ते शोधून, चार ओळींत मराठीत सांगणारा ग्रंथपाल तिथं बसलेला हवा, आणि त्याला त्याचा पगारही वेळेवर मिळायला हवा.