किल्ली आत, आपण बाहेर

फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने हा प्रकार एकदा तरी केलेला असतो. दूध घ्यायला म्हणून बाहेर यावं, मागून वाऱ्याने दार धाडकन लागावं आणि लॅचची किल्ली आत. अंगात बनियन, पायात काही नाही, आणि आत गॅसवर चहाचं आधण. अशा वेळी शहाण्या माणसाची जादा किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. माझ्यासारख्याची ती आतल्याच खुंटीवर, मूळ किल्लीच्या जुडग्यात लटकत असते.

गेल्या फेब्रुवारीत मी हेच केलं. फरक इतकाच, की दार नाशिकच्या पुढे होतं आणि मी पुण्यात, स्वतःच्या घरात, खुर्चीवर मांडी घालून बसलो होतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. (ज्यांना केव्हीएम म्हणजे काय ते माहीत आहे त्यांनी पुढचा परिच्छेद गाळावा.)

केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. मुळात ही सर्व्हर रूममधली साधी सोय. दहा सर्व्हरला दहा मॉनिटर कोण घेणार? एक मॉनिटर, एक कीबोर्ड आणि मध्ये एक डबा. बटण दाबलं की पुढच्या सर्व्हरला जोडला. आयपीवरचा केव्हीएम ही त्याची पुढची पायरी. सर्व्हरच्या एचडीएमआयची वायर या डबीत जाते, डबीतून एक यूएसबी सर्व्हरला लागते आणि तिसरी वायर नेटवर्कची. सर्व्हरला वाटतं आपल्याला मॉनिटर आणि कीबोर्ड जोडलाय. प्रत्यक्षात ते चित्र दोनशे किलोमीटरवर तुमच्या ब्राउझरमध्ये दिसत असतं आणि बटणं तुम्ही दाबत असता. रिमोट डेस्कटॉप आणि यात मोठा फरक आहे. रिमोट डेस्कटॉपला आधी विंडोज किंवा लिनक्स धड चालू व्हावं लागतं. केव्हीएमला त्याची गरज नाही. मशीन बायोसमध्ये अडकलं असलं, निळा पडदा आला असला, तरी तुम्ही त्याच्यासमोर बसल्यासारखेच. मोठ्या सर्व्हरच्या बोर्डवर यासाठी एक वेगळा छोटा संगणकच असतो. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये त्यासाठी आयपीएमआय नावाचं प्रमाण काढलं. एचपीचं आयएलओ, डेलचं आयड्रॅक ही त्याच कुळातली मंडळी. (त्यांचं ते जुनं जावावालं कन्सोल ज्यांनी वापरलंय, त्यांना माझा नमस्कार.) आता तर रास्पबेरी पायवर घरच्या घरी असा डबा बनवता येतो. पायकेव्हीएम हा त्यातला सगळ्यात माहितीतला ओपन सोर्स प्रकल्प.

तर, नाशिकच्या पुढे एक शीतगृह आहे. द्राक्षांचं. तिथल्या वजनकाट्याचं आणि गाड्यांच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर आमचं. सर्व्हर म्हणजे खोलीच्या कोपऱ्यातला एक म्हातारा डबडा. त्याची देखभाल करायला तिथे एक ऑपरेटर काका होते. वीज गेली, प्रिंटर रुसला, सर्व्हर अडला की आम्ही त्यांना फोन करायचो. "काका, स्क्रीनवर काय दिसतंय?" "काळं आहे साहेब, पांढरी अक्षरं आहेत." "वाचा बरं." आणि काका एकेक इंग्रजी अक्षर सुटं सुटं वाचून दाखवायचे. तसं पाहिलं तर जगातला पहिला दूरस्थ केव्हीएम हाच: तिकडे एक माणूस आणि मधे एक टेलिफोन.

गेल्या वर्षी आम्ही तिथे केव्हीएमची डबी बसवली. प्रस्ताव मी लिहिला होता. त्यात खर्चात बचत या मथळ्याखाली एक ओळ होती: 'जागेवर ऑपरेटरची गरज राहणार नाही.' ती ओळ लिहायला मला दहा सेकंदही लागले नसतील. क्लायंटला ती सगळ्यात जास्त आवडली. जानेवारीअखेर काकांचं कंत्राट संपलं आणि ते वाढवलं गेलं नाही.

तीन आठवड्यांनी शनिवारी रात्री तिथली इंटरनेटची लाइन बदलायची होती. नवी लाइन, नवा राउटर, म्हणून नवे आयपी पत्ते. सर्व्हर आणि केव्हीएम दोघांचे पत्ते बदलायचे. दहा मिनिटांचं काम. मी आधी सर्व्हरचा पत्ता बदलला, आलेले अपडेट टाकले आणि रिस्टार्ट दिला. त्याला वर यायला वेळ लागतो. म्हटलं तेवढ्यात केव्हीएमचंही उरकून घेऊ. नवा पत्ता टाकला, १९२.१६८.१०.५०. गेटवेच्या रकान्यात जुनंच १९२.१६८.१.१ राहिलं. सेव्ह. 'सेटिंग लागू करण्यासाठी डिव्हाइस रिस्टार्ट होईल.' ओके.

आणि शांतता.

गेटवे चुकला म्हणजे काय, तर माझी हाक त्या डबीपर्यंत पोचत होती, पण उत्तर कुठल्या रस्त्याने पाठवायचं हे तिला माहीत नव्हतं. नव्या राउटरवर नॅटची एक ओळ टाकून हे सावरता आलं असतं, पण त्या राउटरचा पासवर्ड लाइन देणाऱ्यांकडे, आणि त्यांचं ऑफिस सोमवारी उघडणार. ठीक आहे, म्हटलं, सर्व्हर येईल वर, मग त्याच्यामार्फत आतून डबीकडे जाऊ. सर्व्हरही येईना.

का येईना ते नंतर कळलं, आणि ते कळल्यावर मी बराच वेळ कपाळाला हात लावून बसलो. सर्व्हर सुरू होताना आपल्याला कीबोर्ड जोडलाय का ते तपासतो. त्याचा कीबोर्ड म्हणजे ती डबी. आणि नेमक्या त्या क्षणी मी डबी रिस्टार्ट केली होती. कीबोर्ड गायब. म्हाताऱ्याने पडद्यावर लिहिलं: कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. हा संदेश आम्ही कॉलेजात विनोद म्हणून सांगायचो. त्या रात्री तो माझ्यावर झाला.

रात्रीचे साडेदहा. द्राक्षांचा हंगाम. काट्यावर गाड्या उभ्या, पावती निघत नाही. वॉचमनला फोन केला. तो बिचारा म्हणाला, साहेब, त्या खोलीत मी कधी पाऊल टाकलेलं नाही. पुण्याहून निघालो तर पहाट होणार. शेवटी, सांगायला लाज वाटते, मी काकांना फोन लावला.

काका वीस मिनिटांत मोटारसायकलवर आले. एक शब्द बोलले नाहीत. कपाट उघडलं, जुना कीबोर्ड काढला, लावला, एफ-१ दाबलं. मग सर्व्हर वर आला आणि त्याच्यामार्फत मी डबीचा गेटवे दुरुस्त केला. काट्यावरची पहिली पावती निघाल्याचं त्यांनीच फोनवर सांगितलं. मी विचारलं, कीबोर्ड कुठे सापडला? म्हणाले, "जाताना मीच ठेवला होता कपाटात. लागतो कधीतरी."

असो. आता या सगळ्यावर माझं मत.

पहिली गोष्ट. दूरच्या यंत्राचं कॉन्फिगरेशन बदलणं हे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्यासारखं आहे. आणि केव्हीएमचं कॉन्फिगरेशन बदलणं म्हणजे खाली जी सतरंजी धरलीय तीही सोडणं. नेटवर्कवाल्या जुन्या लोकांना हे पक्कं माहीत असतं. सिस्कोच्या राउटरवर काही धोक्याचं करायच्या आधी ते 'रिलोड इन १०' देऊन ठेवतात: मी दहा मिनिटांत रद्द केलं नाही तर स्वतःहून रिस्टार्ट हो आणि जुन्या सेटिंगवर जा. ज्युनिपरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' आहे. बदल लागू होतो, पण ठरलेल्या वेळात तुम्ही पुन्हा होकार दिला नाही तर आपोआप मागे फिरतो. उबंटूमधलं 'नेटप्लॅन ट्राय' १२० सेकंद वाट बघतं. तत्त्व एकच: यंत्राने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ 'हो' असा घेऊ नये, 'मेला वाटतं' असा घ्यावा. माझं म्हणणं आहे की दूरून चालवायच्या प्रत्येक डबीत ही सोय असायलाच हवी. आमच्या डबीत नव्हती, आणि विकत घेताना मी विचारलंही नव्हतं. फ्रेम्स किती, रिझोल्यूशन किती, हे मात्र विचारलं होतं.

दुसरी गोष्ट. हे फक्त माझ्यासारख्या वेंधळ्यांचं होत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम साधारण सहा तास बंद होते, आठवतंय? देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं. अशा कमांड तपासून अडवणारी यंत्रणा होती. तिच्यातल्या बगमुळे ती अडवू शकली नाही. अडीअडचणीला वापरायचा वेगळा मार्गही होता. तोही बंद पडला. म्हणजे जादा किल्ली घरातल्याच खुंटीवर. शेवटी इंजिनिअर प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावे लागले, आणि तिथली सुरक्षा इतकी कडक की आत शिरून काम सुरू करण्यातच वेळ गेला.

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटने विंडोजची मशीन निळ्या पडद्यावर अडकली. मायक्रोसॉफ्टचा अंदाज ८५ लाखांचा. आपल्याकडेही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जा, एक फाइल डिलीट करा, रिस्टार्ट करा. ज्यांच्या सर्व्हरला केव्हीएमसारखी सोय होती त्यांनी ते खुर्चीत बसून केलं. बाकीच्यांना मशीनपाशी चालत जावं लागलं, एकेका मशीनपाशी. त्यामुळे मी केव्हीएमच्या विरुद्ध नाही, उलट. ही डबी हवीच. फक्त ती माणसाच्या ऐवजी नको, माणसाच्या सोबत हवी.

इथे ऑफिसातले तरुण मित्र म्हणतात, सर, मग अजून एक डबी लावा, फोरजीचं वेगळं सिम टाकून. बरोबर आहे, आम्ही लावलीही. पण प्रत्येक नवी किल्ली म्हणजे चोरासाठीही नवी किल्ली. आयपीएमआयच्या दुसऱ्या आवृत्तीची रचनाच अशी, की लॉगिन पूर्ण होण्याआधी समोरच्याला पासवर्डचा हॅश मिळतो. घरी नेऊन निवांत फोडावा. अनेक सर्व्हरच्या बोर्डवर चालणाऱ्या एएमआयच्या मेगारॅकमध्ये तर पासवर्डशिवाय आत शिरता येईल असं भोक निघालं, आणि त्याचा प्रत्यक्ष गैरवापर होतोय असं अमेरिकेच्या सिसा या सरकारी संस्थेने जून २०२५ मध्ये जाहीर केलं. अमेरिकन कंपन्यांत खोट्या ओळखीने घरून काम करणारे उत्तर कोरियाचे आयटीवाले माहीत असतील. त्यांच्यासाठी तिथल्या घरांमध्ये कंपन्यांचे लॅपटॉप मांडून ठेवणाऱ्यांनी हेच केव्हीएम वापरले. लॅपटॉपला काय, एक मॉनिटर आणि एक कीबोर्ड जोडलेला दिसतो. आणि आपल्याकडे? ॲडमिन-ॲडमिन. कॅलिफोर्नियाने २०२० पासून कायदाच केला, की प्रत्येक यंत्राचा पासवर्ड वेगळा हवा किंवा पहिल्यांदा वापरताना तो बदलायला लावायला हवा. आपण कायद्याची वाट न बघता तो बदलावा, आणि ही डबी उघड्या इंटरनेटवर न ठेवता व्हीपीएनच्या मागे ठेवावी, एवढंच.

आता मी स्वतःसाठी काही नियम केलेत. तुम्हाला पटले तर घ्या.

१. सर्व्हर आणि केव्हीएम एका वेळी कधीही हलवायचे नाहीत. एक पाय उचलताना दुसरा जमिनीवर हवा.

२. केव्हीएमला स्थिर पत्ता हाताने देण्यापेक्षा राउटरच्या डीएचसीपीत तो राखून ठेवायचा. लाइन बदलली तरी डबी स्वतःहून नवा पत्ता आणि नवा गेटवे घेते.

३. सेव्ह दाबण्याआधी सगळे रकाने मोठ्याने वाचायचे. घरचे हसतात. हसू देत.

४. जागेवर कुणाला फोन करायचा, हे आधी ठरवायचं, आणि त्या माणसाला त्याचे पैसे द्यायचे.

हा चौथा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तोच कुठल्याही मॅन्युअलमध्ये नसतो. दूरून नियंत्रण म्हणतो आपण, पण त्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभं असतंच. आपण फक्त त्याला हिशेबातून काढून टाकतो, आणि मग शनिवारी रात्री साडेदहाला तो चांगुलपणावर येतो. चांगुलपणा हा बॅकअप प्लॅन नव्हे.

सोमवारी मी क्लायंटला सगळं लिहून कळवलं, माझी चूक आणि ती प्रस्तावातली ओळ, दोन्हीसकट. काकांना आता महिन्याला ठरावीक रक्कम मिळते, बोलावलं की यायचं. पूर्वीच्या पगारापेक्षा ती कमी आहे. ते माझ्या नावावर राहील.

कीबोर्ड अजून त्याच कपाटात आहे. मी त्यावर एक चिठ्ठी चिकटवायला सांगितली, 'हलवू नये'. काका म्हणाले, "चिठ्ठी कशाला साहेब, मी आहे ना."