बुढीचं वय झालं म्हणून थांबू नका



यवतमाळ जिल्ह्यातील महागाव तालुक्यात फुलसावंगी हे गाव आहे. हा सगळा कापसाचा पट्टा, आणि वेचणी बहुतेक बायकाच करतात. अशा घरांतून एक वाक्य आमच्या कानावर नेहमी येते. आजी ओळीत मागे पडू लागली, तिचा एक हात जड झाला, की घरचे म्हणतात, "बुढीचं वय झालं, आता असंच राहीन." आजोबांचा हात थरथरला, तर मात्र पुसदला किंवा यवतमाळला दाखवायला नेतात. या फरकाविषयी आज आम्हाला बोलायचे आहे.

मेंदूच्या खोल भागातील काही पेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात. हातपाय सहज हलायला, कामात मन लागायला ते हवे असते. स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५० च्या दशकात त्याचे महत्त्व दाखवले. त्यासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता शिरेतून अगदी थोडे किरणोत्सर्गी औषध देऊन मेंदूतील डोपामिनच्या जागांचे चित्र घेता येते. त्यासाठी लागणाऱ्या पेट स्कॅनची सोय आपल्या देशात प्रथम २००२ साली मुंबईत परळला झाली.

निरोगी माणसांच्या अशा चित्रांतून दोन गोष्टी कळल्या. वय वाढते तशा या जागा स्त्री-पुरुष दोघांतही कमी होतात, दर दहा वर्षांनी साधारण ५ ते १० टक्के. दुसरी गोष्ट अशी की, अनेक अभ्यासांत निरोगी स्त्रियांचा सरासरी आकडा त्याच वयाच्या पुरुषांपेक्षा थोडा जास्त आढळला. यावरून कोणी हुशार किंवा कोणी कमी ठरत नाही. मात्र आजीचे चित्र तिच्याच वयाच्या निरोगी बाईच्या चित्राशी ताडून पाहायला हवे. पुरुषाच्या मापाने मोजले, तर तिचा घसरलेला आकडाही ठीकच वाटायचा.

कंपवातात या पेशी वयाच्या मानाने फार वेगाने मरतात. हा आजार पुरुषांत सुमारे दीडपट अधिक आढळतो, पण बायकांनाही होतोच. घरच्या घरी एवढे पाहा: चालताना एकच हात झुलत नाही का? हालचाल मंदावली का? अक्षर बारीक झाले का? वास येईनासा झाला का? म्हातारपण बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच येते, कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो. थरथर नसली तरी तो असू शकतो.

प्रत्येकाला स्कॅन लागत नाही. जाणकार डॉक्टर हातपाय तपासूनच बहुतेक वेळा ओळखतात. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्या, कारण उलटीवरच्या काही गोळ्यांनीही असाच कंप येतो. कंपवात मुळापासून बरा होत नाही, पण लेव्होडोपा या औषधाने हातात पुन्हा काम येते, माणूस आपल्या हाताने जेवू शकतो.

११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन दिन आहे. त्याच दिवशी जोतिबांची जयंती असते, म्हणून तारीख लक्षात ठेवणे सोपे आहे. त्या दिवशी घरातल्या आजीला अंगणात चार पावले चालायला सांगा आणि तिचे दोन्ही हात पाहा. जिच्या हातांनी घर उभे राहिले, तिच्या हातांकडे बघायला तेवढा वेळ आपण काढलाच पाहिजे.