लिंक गेली म्हणजे नेमके काय जाते?

आपल्या जळगाव-धुळ्याच्या बँकांमध्ये गेल्या काही वर्षांत एका शब्दाने भक्कम ठाण मांडले आहे. तो शब्द म्हणजे ‘लिंक’. यावलचा केळी बागाईतदार असो, शिंदखेड्याचा कापूसवाला असो, की पेन्शनसाठी आलेल्या निवृत्त मास्तरीणबाई असोत, काउंटरवरून ‘लिंक नाही’ असे उत्तर आले की माणसे मुकाट्याने बाकावर बसतात. यंदा पाऊस नाही हे जसे स्वीकारायचे, तसेच हेही. ‘लिंक नही शे’ हे वाक्य तर अहिराणीत असे रुळले आहे की जणू ते पूर्वापार तिथलेच असावे.

पण लिंक म्हणजे काही पाऊस नव्हे. ती माणसांनी बसवलेल्या, माणसांनी सूचना दिलेल्या आणि माणसांनी लक्ष ठेवायच्या यंत्रांची साखळी आहे. पस्तीस-छत्तीस वर्षे बँकेत काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, यातल्या पहिल्या गोष्टीवर आपण पैसा खर्च करतो, दुसरी परक्यावर सोपवतो आणि तिसरी कोणाची, हे ठरवायचेच राहून जाते.

शाखेच्या कोपऱ्यात जाळीचे दार असलेले एक लोखंडी कपाट असते. त्यात काउंटरवरच्या सगळ्या संगणकांच्या तारा एकत्र येतात तो स्विच. त्याच्या शेजारी राउटर. कोणता निरोप कोणत्या वाटेने पाठवायचा हे तो ठरवतो. आणि फायरवॉल, म्हणजे आत कोणाला सोडायचे आणि कोणाला नाही हे पाहणारा दारवान. तिथून निरोप शेकडो मैलांवरच्या डेटा सेंटरमध्ये जातो, कारण तुमचे खाते आता शाखेत नसतेच. ते तिथे असते. शाखेत उरली आहे ती फक्त खिडकी.

हे एका दिवसात झाले नाही. रंगराजन समितीचा पहिला अहवाल १९८४ चा. संघटनांशी संगणकीकरणाचा मोठा करार झाला तो २९ ऑक्टोबर १९९३ रोजी. हैदराबादच्या बँकिंग तंत्रज्ञान संस्थेने उपग्रहावर चालणारे ‘इन्फिनेट’ जाळे १९९९ मध्ये सुरू केले. २००४ मध्ये आरटीजीएस, २००५ मध्ये एनईएफटी आणि २०१६ मध्ये यूपीआय आले. पूर्वी जाळे तुटले तर धनादेश दोन दिवस उशिरा वटे. आज जाळे तुटले तर चहाच्या टपरीवरचे दहा रुपयेसुद्धा अडकतात.

राउटरला दिलेल्या सूचनांच्या यादीला कॉन्फिगरेशन म्हणतात. या यंत्रांपैकी पुष्कळांना दोन स्मृती असतात. एक चालू कामाची, दुसरी कायमची. अभियंता येतो, सूचना बदलतो, काम सुरू होते, सगळे खूश. पण त्याने त्या सूचना कायमच्या स्मृतीत जपून ठेवल्या नाहीत, तर वीज जाऊन यंत्र पुन्हा सुरू होताच ते जुन्याच सूचनांवर येते. २००५ नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने खानदेशाला काय दिवस दाखवले ते सांगायला नको. धुळे जिल्ह्यातल्या एका शाखेत (नाव सांगत नाही) आदल्या दिवशी दुरुस्त झालेली लिंक रात्री बॅटरी उतरल्यावर गेली आणि सकाळी दारात रांग. दोष टेलिफोन खात्यावर गेला. खात्याची तार ठणठणीत होती.

दुसरा प्रकार अधिक गमतीचा. झाडलोट करताना जमिनीवर लोंबणारी तार कोणीतरी सद्भावनेने उचलतो आणि मोकळ्या भोकात खोचतो. तिचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये असते. मग निरोप आपल्याच शेपटीमागे धावत सुटतो, क्षणात हजारपट होतो आणि सगळी शाखा ठप्प. हे टाळण्याची सोय बऱ्याच यंत्रांत असते. ती कोणी बंद करून ठेवलेली नाही ना, एवढेच पाहायचे असते.

आता पाहण्याविषयी. मुख्य कार्यालयातला संगणक दर काही मिनिटांनी प्रत्येक राउटरला विचारतो, ‘आहेस का?’ उत्तर आले की पडद्यावर हिरवा दिवा, नाही आले की लाल. उत्तम व्यवस्था. पण हिरवा दिवा एवढेच सांगतो की यंत्र जिवंत आहे. ते खरे बोलते आहे की खोटे, हे सांगत नाही.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. ११ ऑगस्ट २०१८. दुसरा शनिवार, बँकेला सुटी. एटीएममधून पैसे मागितले की ती मागणी एका स्विचमधून बँकेच्या मूळ हिशेबाकडे जाते आणि तिथून होकार आला तरच नोटा बाहेर येतात. चोरांनी मध्ये एक खोटा स्विच उभा केला. तो मूळ हिशेबाला विचारतच नव्हता, आलेल्या प्रत्येक मागणीला परस्पर ‘हो’ म्हणत होता. काही तासांत २८ देशांतल्या यंत्रांतून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातून आणखी अडीच कोटी आणि सोमवारी हाँगकाँगला जवळजवळ १४ कोटी गेले. एकूण ९४ कोटींवर. सुटीच्या दिवशी कोण पाहत होते, हा माझ्या मते त्या प्रकरणातला पहिला प्रश्न आहे.

जुन्या बँकेत याला उत्तर होते. स्ट्राँगरूमच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत; व्हाउचर लिहिणारा एक, पास करणारा दुसरा; आणि रोजकीर्दीचा ताळा जुळल्याशिवाय कोणी घरी जात नसे, मग रात्रीचे नऊ वाजोत. राउटरचा पासवर्ड मात्र एकट्या कंत्राटदाराच्या मुलाकडे असतो. पुष्कळदा तो कारखान्यातून आला तोच असतो!

३१ जुलै २०२४ ची घटना ताजी आहे. लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या सी-एज या कंपनीच्या यंत्रणेवर खंडणीखोर हल्ला झाला आणि राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला आपल्या जाळ्यातून तोडले. बातम्यांनुसार सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय-एटीएम व्यवहार अडले. दुसऱ्या दिवशी ते सुरू झाले. नंतरच्या एका विश्लेषणात मूळ धागा सापडला तो पुरवठादाराच्याही पुरवठादाराकडे, चुकीची जुळणी केलेल्या एका सर्व्हरपाशी. खातेदाराने ठेव ठेवली होती ओळखीच्या संचालकाच्या तोंडाकडे पाहून. तो धागा संचालकालाही माहीत नव्हता.

रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०१९ च्या अखेरीस सायबर सुरक्षेचे नियम घातले, व्यवहारांच्या पसाऱ्याप्रमाणे चार पायऱ्या केल्या. मोठ्यांनाही तिने सोडले नाही. वारंवार बंद पडण्यावरून डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नवी क्रेडिट कार्डे देण्यास मनाई केली होती. मात्र आपल्याकडे गावोगाव असलेल्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या छत्राखाली येत नाहीत. तिथे सगळे व्यवस्थापकाच्या वकुबावर.

धुळ्यासारख्या ठिकाणी आणखी एक पाहावे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात आणि रुंदीकरणाची खोदाई अनेक वर्षे चालली. फावड्याला केबल कळत नाही. खोदण्याआधी केबलच्या मालकाला कळवावे म्हणून केंद्राने मार्च २०२३ मध्ये एक ॲपही काढले. बँका ‘आमच्याकडे दोन लाइन आहेत’ असे अभिमानाने सांगतात. दोन्ही एकाच चरातून जात असतील तर ती एकच लाइन, बिले तेवढी दोन.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपूर्वी होतात. तिथे लाभांशावर तासभर बोलणारे सभासद मी पुष्कळ पाहिले. वर्षभरात लिंक किती तास बंद होती, राउटरच्या सूचना बदलताना दुसरी सही कोणाची असते, पासवर्ड शेवटचा कधी बदलला आणि सुटीच्या दिवशी लाल दिवा कोण पाहतो, हे विचारणारा एकही आठवत नाही. प्रश्न आधी लेखी द्यावेत, म्हणजे उत्तर इतिवृत्तात येते.