पाकिटावरची नावे



या सदरात नेहमी शिष्यवृत्तीचे अर्ज, शिबिरे, पोरांचे शिक्षण असेच विषय येतात. आज गाण्याविषयी लिहितो, आणि तेही इंग्रजी गाण्याविषयी. याला आता काय झाले, असे काही जण म्हणतील. पण ही गोष्ट गायकापेक्षा कामगारांची जास्त आहे, म्हणून पान उलटू नका.

बी. कॉम.ला असताना माझ्याकडे एक कॅसेट होती. एका मित्राने टेपवरून टेपवर उतरवून दिलेली. वर बॉलपेनने गायकाचे नाव, तेही अर्धे पुसलेले. माझे इंग्रजी यथातथाच, त्यामुळे शब्द फारसे कळायचे नाहीत. एवढे मात्र जाणवायचे, की हा माणूस ओरडत नाही, कोणाशी तरी बोलतो आहे. आणि सगळ्या गाण्याच्या तळाशी एक जाड आवाजाचे तारेचे वाद्य चाललेले असते. ते एका जागी थांबत नाही आणि ठेकाही सोडत नाही. त्याला बास गिटार म्हणतात हे फार उशिरा कळले. घरात सगळे झोपले की टेप उशाशी घेऊन बारीक आवाजात ऐकायचो. फीत गुंतायची, पेन्सिल घालून फिरवायचो. एक दिवस तुटली ती तुटलीच. मग नोकरी लागली, लग्न झाले, वस्तीतली कामे मागे लागली, आणि कॅसेट विसरलो.

गेल्या महिन्यात मुलीच्या मोबाइलवर तेच गाणे अचानक वाजले. हातातली भाकरी हातातच राहिली. दोन आठवड्यांनी चोर बाजारात जुन्या तबकड्यांच्या दुकानात तिची मूळ तबकडी दिसली. किंमत ऐकून खाली ठेवली. पण दुकानदार भला माणूस, पाकीट उघडून वाचू दिले. अर्धा तास तिथेच उभा राहून वाचत होतो.

तबकडीचे नाव ‘व्हॉट्स गोइंग ऑन’. गायक मार्विन गे. २१ मे १९७१ रोजी अमेरिकेत निघाली. नऊ गाणी, सारी मिळून पस्तीस-छत्तीस मिनिटे, आणि बरीचशी एकमेकांत अशी मिसळलेली की एक कधी संपले आणि दुसरे कधी लागले ते कळत नाही. या प्रकारच्या गाण्याला सोल म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. आपण अनात्मवादी, पण नावावर जाऊ नका. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधले गाणे आणि त्यांच्या दुःखाचे ब्लूज यांच्या संगमातून हा प्रकार झाला. त्या समाजाशी आपले नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली त्यांचे विचारवंत ड्यु बॉइस यांना पत्र लिहिले होते, आणि १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरचे नाव तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आलेले आहे.

ही तबकडी काढणारी कंपनी मोटाऊन. गाव डेट्रॉइट, म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. कंपनीचा मालक बेरी गॉर्डी हा स्वतः कृष्णवर्णीय. एकेकाळी मोटारीच्या कारखान्यात पट्ट्यावर काम केलेला माणूस. १९५९ साली घरच्यांकडून आठशे डॉलर उसने घेऊन त्याने कंपनी काढली. कारखान्यात एका टोकाला नुसता सांगाडा येतो आणि दुसऱ्या टोकाने गाडी बाहेर पडते, तशीच गाणी बाहेर पडली पाहिजेत, असा त्याचा हिशेब होता. एक साधे घर घेतले, त्यातच स्टुडिओ केला. गोऱ्यांच्या पोरांनाही ही गाणी विकत घ्यायला लावली. केवढी मोठी गोष्ट! आपल्या माणसाने कंपनी काढली की ऊर भरून येतो, तसेच तिथेही झाले असणार.

पण हजेरीपुस्तक आणि पगारपत्रके करण्यात माझी हयात चालली आहे, त्यामुळे नजर लगेच दुसरीकडे जाते. वाजवणारे कोण होते? या गाण्यांमागे एक ठरलेला वादकवृंद होता. ते स्वतःला फंक ब्रदर्स म्हणवत. दिवसभर स्टुडिओत वाजवायचे, रात्री क्लबात. गायक बदलायचे, हे तेच. आणि मोटाऊनच्या तबकड्यांवर साथीदार म्हणून त्यांची नावे छापली जात नसत. गायकाचे नाव असे, कंपनीचे असे, यांचे नाही. साधारण बारा वर्षे असे चालले. मालक आपल्यातला आहे म्हणून कामगाराचे नाव आपोआप कागदावर येते असे नाही, हे मी कार्यकर्ता म्हणूनही पाहिलेले आहे.

माझ्या कॅसेटमधले ते तळाचे वाद्य वाजवणाऱ्याचे नाव जेम्स जेमर्सन. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या पाकिटावर ते छापले आहे, आणि त्याला ‘अतुलनीय’ असे विशेषणही लावले आहे. मोटाऊनच्या तबकडीवर साथ करणाऱ्यांची नावे आली ती या वेळी पहिल्यांदा. जेमर्सन तोवर शेकडो गाण्यांत वाजून गेलेला होता.

ही तबकडी निघाली तीही भांडूनच. १९६९ साली कॅलिफोर्नियात बर्कलीला पोलिसांनी तरुणांना झोडपले. ते फोर टॉप्स या मंडळीतल्या रेनाल्डो बेन्सनने पाहिले. हे काय चालले आहे, या त्याच्या प्रश्नातून गाण्याचे बीज पडले. अल क्लीव्हलंडबरोबर त्याने ते रचले. त्याच्या सोबत्यांना ते निषेधाचे गाणे नको होते, मग ते मार्विनकडे आले. मार्विन तेव्हा खचलेला होता. त्याच्याबरोबर गाणारी टॅमी टेरेल मेंदूच्या गाठीने मार्च १९७० मध्ये गेली, वय अवघे चोवीस. भाऊ फ्रँकी व्हिएतनामच्या लढाईवरून परतला होता आणि तिथले पाहिलेले सांगत होता. मार्विनने गाण्यात आपली भर घातली. गॉर्डीला मात्र ते पसंत पडले नाही. प्रेमगीते खपतात, राजकारण खपत नाही, असा हिशेब. मार्विनने सांगितले, हे निघत नाही तोवर दुसरे गाणार नाही. म्हणजे संपच म्हणा की! शेवटी कंपनीतल्याच काही जणांनी जानेवारी १९७१ मध्ये ते बाजारात आणले आणि ते धडाक्याने खपले. मग त्याच मालकाने घाईने पूर्ण तबकडी मागितली.

ते गाणे ध्वनिमुद्रित झाले त्या वेळच्या दोन-तीन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. सुरुवातीला चार मित्र भेटल्यासारखी गडबड ऐकू येते, त्यात डेट्रॉइटचे दोन फुटबॉलपटू आहेत, मेल फार आणि लेम बार्नी. सॅक्सोफोनवाला एली फाउंटन हात मोकळा करायला काहीतरी वाजवत होता. मार्विन म्हणाला, झाले, हेच हवे होते, आता घरी जा. मार्विनचे स्वतःचे दोन आवाज एकत्र ऐकू येतात तेही चुकून. वेगवेगळ्या वेळी म्हटलेली दोन गाणी एकाच वेळी लागली, त्याला आवडले, ठेवून दिले. जेमर्सनला मार्विनने म्हणे दारूच्या गुत्त्यातून शोधून आणले. त्याला नीट बसताही येईना, तेव्हा जमिनीवर पडून त्याने वाजवले. आणि त्या रात्री घरी जाऊन बायकोला सांगितले, की आज फार मोठे काम झाले. दारूचे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही, आपल्या वस्त्यांत तिने काय केले ते आपण जाणतोच. तिनेच पुढे या माणसालाही खाल्ले.

वीस-बावीसच्या वयात मला हे मजेचे गाणे वाटायचे. आता शब्द लावून ऐकले. लढाईवरून परतलेला एक भाऊ घरच्यांना विचारतो आहे, इथे कसे चालले आहे? मग पुढच्या गाण्यांत नशेच्या आहारी गेलेली पोरे येतात, विषारी झालेले पाणी आणि हवा येते, शहरातल्या गरिबाचे कर आणि रिकामा खिसा येतो. डेट्रॉइटमध्ये १९६७च्या उद्रेकात ४३ माणसे मेली होती, त्याला चारच वर्षे झाली होती. तरी गाणारा आवाज चढवत नाही. सभेत माईक हातात आला की आमच्यासारख्यांचा आवाज आपोआप चढतो. या माणसाने आवाज न चढवता सगळे सांगून टाकले. मधे देवाचेही एक गाणे आहे. ते मला तेव्हाही लांबचे वाटले, आजही वाटते.

पुढचे सांगितले पाहिजे. १९७२ साली कंपनीने आपला कारभार लॉस एंजेलिसला हलवला. बरेच वादक डेट्रॉइटमध्ये मागे राहिले. जेमर्सन तिकडे गेला, पण त्याचा जम बसला नाही. ऑगस्ट १९८३ मध्ये वयाच्या ४७व्या वर्षी तो वारला. १ एप्रिल १९८४ रोजी मार्विनला त्याच्या सख्ख्या बापाने घरातच गोळी घातली. दुसऱ्या दिवशी तो पंचेचाळीस वर्षांचा व्हायचा होता. फंक ब्रदर्सवर सिनेमा निघाला तो २००२ साली. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २०२० मध्ये सर्वकालीन पाचशे तबकड्यांची यादी केली, तेव्हा ही पहिली आली.

दुकानातून घरी आल्यावर मुलीला पाकिटावरचे सगळे सांगितले. मग मोबाइल मधे ठेवून दोघे ऐकत बसलो. पाकिटावर बास वाजवणाऱ्या आणखी एकाचे नाव आहे, बॉब बॅबिट. हवा-पाण्याचे गाणे आणि शेवटचे शहराचे गाणे यांत तो आहे, बाकीच्यांत बहुतेक जेमर्सन. मुलगी म्हणाली, पप्पा, मला तर दोघांचे सारखेच वाटते. खरे सांगायचे तर मलाही अजून नीट ओळखता येत नाही. रविवारी पुन्हा लावणार आहोत.