बसलेला तरुण : एक अभ्यासचित्र

लहानथोर सारेच ज्या मासिकाचीं पानें उलटतात त्यांत विवस्त्र पुरुषाच्या चित्राविषयीं लिहावें कीं नाहीं, असें कोणी विचारील. लिहावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

इपोलित फ्लांद्रँ हा लिआँ शहरीं १८०९ सालीं जन्मलेला फ्रेंच चित्रकार. अँग्रसारख्या कडक गुरूचा शिष्य. १८३२ सालीं त्याला 'रोम पारितोषिक' मिळालें व सरकारी खर्चानें रोमला राहण्याची सोय झाली. ती चैन मात्र नव्हती. आपल्या प्रगतीची साक्ष म्हणून विद्यार्थ्यास पॅरिसला नेमलेलीं चित्रें पाठवावीं लागत. १८३६ च्या सुमाराचें 'समुद्रकांठीं बसलेला नग्न तरुण' हें त्यांपैकींच एक.

चित्रांत कांहींच घडत नाहीं. खडकावर एक तरुण बसला आहे. गुडघे छातीशीं घेतलेले, नडग्यांना हातांची मिठी, आणि कपाळ गुडघ्यांवर टेकलेलें. पाठीची कमान, मान, मांडी व पोटरी मिळून जवळजवळ वर्तुळ पुरें होतें. योगशास्त्रांतलें हें कोणतेंहि आसन नव्हे. थकला-भागला मनुष्य असाच बसतो. तो शोक करितो कीं झोंपला आहे, याचा उलगडा चित्रकारानें केलेला नाहीं. धनुष्य नाहीं, मुकुट नाहीं, पुराणांतलें नांवहि नाहीं.

या शिक्षणाचा क्रम पाहण्याजोगा आहे. विद्यार्थी प्रथम छापील चित्रांवरून रेखाटी, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून, आणि त्यानंतरच जिवंत मनुष्यासमोर बसे. शब्दरूपावली घोकल्यावांचून आपल्याकडे रघुवंश हातीं देत नसत, तसेंच हें. वस्त्राखालीं हाड कोठें आहे व स्नायु कसा वळतो हें ज्यास ठाऊक नाहीं, त्याचे राजे आणि ऋषि खुंटीवर टांगलेल्या अंगरख्यासारखे दिसतात. (आमच्या कित्येक दिनदर्शिकांवरील देवांची हीच अवस्था आहे.)

परंतु स्त्रियांना ही वाट बंद होती. नग्न देहासमोर बसणें त्यांना अशोभनीय, असें मानीत. पॅरिसच्या एकोल दे बोझार या सरकारी कलाशाळेनें १८९७ पर्यंत त्यांना प्रवेशच दिला नाहीं. देहाचा अभ्यास नाहीं म्हणून इतिहासपुराणांवरील मोठीं चित्रें नाहींत, आणि तीं नाहींत म्हणून मानाचें स्थान नाहीं! सभ्यतेच्या नांवाखालीं विद्याच नाकारली गेली. हें पान मुलींपासून लपवूं पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांना आम्ही एवढेंच विचारतों, कीं त्यांना चित्रकला शिकवावयाची आहे कीं केवळ रांगोळी?

फ्लांद्रँ स्वतः मोठा धर्मनिष्ठ. पुढें त्यानें पॅरिसच्या सँ-जेर्मँ-दे-प्रे या देवळाच्या भिंती रंगविल्या. तेथील पायघोळ झग्यांखालीं खांदे आणि गुडघे आपापल्या जागीं आहेत. समुद्रकांठचा तरुण १८५७ सालीं तिसऱ्या नेपोलियननें विकत घेतला. तो आज लूव्र संग्रहालयांत आहे.