सगळ्या गाड्या एकाच माळेत नकोत

‘रस्त्यावरचे हौशी उपद्रवी’ हे पत्र वाचले. सायलेन्सर बदलून रात्री-अपरात्री कानठळ्या बसवणाऱ्यांवरचा पत्रलेखकांचा राग रास्तच आहे. त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण स्वतःच्या गाडीला हात लावणारा प्रत्येक जण त्याच माळेतला कसा?

माझ्याकडे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली जुनी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली फियाट, आहे. तिच्या हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधूनच जायचा. स्विच तापायचा आणि उजेड म्हणजे देवळातली समई! मी दिव्यांचा करंट स्विचबाहेरून नेणारा रिले बसवला, जाड वायर ओढली. दिवे मूळचेच, पण आता खंडाळ्याच्या घाटात रस्ता दिसतो. सीटबेल्ट नव्हते, तेही लावून घेतले. रिलेची युक्ती मला दुसऱ्या एका फियाटवाल्याने रविवारी सकाळी चहाच्या टपरीपाशी बॉनेट उघडून शिकवली. आमची ‘टोळी’ ती हीच. (अर्धा वेळ कार्बोरेटरवरून भांडण्यात जातो, हेही कबूल.)

‘कायद्याला कोणताच बदल मान्य नाही’ हे पत्रातले विधान मात्र सपशेल चूक. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावले. पण मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवून आरसी बुकात नोंद करण्याची सोय त्याच कलमात आहे.

पत्रलेखकांनी एखाद्या रविवारी आमच्याकडे जरूर यावे. चहा माझ्याकडून.

— एक फियाटवाला, पुणे