डाय बिघडला म्हणून डोके भाजून घेऊ नका

एप्रिल आला की वस्तीतल्या किराणा दुकानांच्या दारावर डायच्या पुड्यांच्या माळा लटकतात. जयंतीची मिरवणूक, तिच्या मागोमाग लग्नसराई. आजोबांपासून कॉलेजातल्या पोरांपर्यंत सगळेच केस रंगवतात आणि त्यात काहींचा रंग बिघडतोच. तपकिरी हवा होता, तो कोळशासारखा काळा होतो. कपाळावर, कानामागे डाग राहतात. मग सल्ले सुरू होतात. कुणी धुण्याचा सोडा सांगतो, कुणी भांड्याचा साबण, कुणी रॉकेल, तर कुणी संडास धुवायचे ब्लीच. आमचे म्हणणे सरळ आहे. बिघडलेला रंग केस वाढले की कापून जातो. टाळू भाजली किंवा डोळ्याला इजा झाली तर ती अशी कापून टाकता येत नाही.

रंग धुऊन का जात नाही, हे समजून घेऊ. पक्का काळा डाय केसावर बसत नाही, तो केसात शिरतो. त्यातले पीपीडी नावाचे रसायन आत शिरताना अगदी बारीक असते. पेरॉक्साइडसारख्या दुसऱ्या रसायनाशी संयोग झाला की केसाच्या आतच रंगाचे मोठे कण तयार होतात आणि तिथेच अडकतात. सोड्याने कितीही घासा, आधी केसाचे वरचे कवच खरवडले जाते. केस राठ होऊन तुटतात आणि रंग बराचसा तिथेच राहतो. ब्लीचने तर कातडी भाजते. मोरीत ब्लीचसोबत संडासचे ॲसिड सांडले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

मग घरी काय करावे? कातडीवरच्या डागाला खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावा, दहा-पंधरा मिनिटे ठेवा, कापसाने हलके पुसा आणि साध्या साबणाने धुवा. उरलेला डाग चार-आठ दिवसांत आपोआप जातो, कारण वरची कातडी झडतच असते. केसांसाठी पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड कोमट पाणी आणि शाम्पू वापरा. कोंड्याच्या शाम्पूने रंग थोडा जास्त उतरतो. पाच मिनिटे फेस ठेवून धुवा आणि नंतर तेल लावा. यामुळे रंग थोडा फिका होईल, पण केस पहिल्यासारखे होणार नाहीत. बाकीचे काम कात्रीचे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून बारीक केस ठेवणाऱ्याचा रंग दोन-तीन महिन्यांत कापून जातो. लांब केस असतील तर टोके थोडी थोडी कापत जा. बिघडलेल्या रंगावर लगेच दुसरा डाय चढवू नका.

खाज, आग, पुरळ किंवा डोळ्यांवर सूज आली तर मात्र गोष्ट रंगाची राहत नाही. ती डायची ॲलर्जी असू शकते. भरपूर पाण्याने डोके धुवा आणि डॉक्टरकडे जा. एकदा असा त्रास झाला की पुढच्या वेळी तो जास्त होऊ शकतो, म्हणून तो डाय पुन्हा लावू नये. ‘काळी मेहंदी’ म्हणून विकली जाते तीही तपासून घ्या. खरी मेहंदी लालसर रंगते. काळीकुट्ट रंगत असेल तर तिच्यात बहुधा पीपीडी असते. नवी पुडी आणली की थोडा डाय कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास वाट पाहावी.

लहान मुलाने किंवा कुणीही डाय गिळला तर चेहरा आणि गळा सुजून श्वास कोंडतो, पुढे मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. उलटी करवू नका, घरगुती उतारा शोधू नका. लगेच १०८ ला फोन करा, सरकारी दवाखाना गाठा आणि डायचे पाकीट सोबत न्या. पुड्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा उंचीवर, कुलपात ठेवा.

आता शेवटचे. पन्नाशीतला वॉचमन किंवा धुणीभांडी करणारी ताई हौसेनेच डाय लावते असे नाही. पांढरे केस दिसले की काम मिळणार नाही, ही भीती खरी आहे. त्यांना ‘पांढरेच बरे’ असा फुकटचा उपदेश आम्ही करणार नाही. सांगायचे आहे ते घरच्यांना आणि शेजाऱ्यांना. कुणाचा रंग बिघडला तर हसू नका. त्या हसण्याच्या धास्तीनेच माणूस रात्री मोरीचे दार लावून डोक्याला ब्लीच चोळतो. त्याला रुमाल द्या, तेलाची बाटली द्या आणि दोन महिने धीर द्या.